नकाराचा रकाना

स्त्रीरोग विभागातलं पोस्टिंग सुरू झालं की डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी ग्लोव्हज हवे असतात. मी त्यांना आधी पडदा लावायला सांगते. तपासणीच्या टेबलाभोवतीचा हिरवा पडदा. त्याच्या दोन-तीन कड्या कायम तुटलेल्या असतात, त्यामुळे दाराच्या बाजूला वीतभर फट राहते आणि बाकावर नंबर लावून बसलेल्या बायकांना आतल्या बाईचे पाय दिसतात. ही फट ज्याला आपणहून दिसते तो मुलगा किंवा ती मुलगी पुढे नीट शिकणार, असा माझा अंदाज असतो आणि तो सहसा चुकत नाही. बाकीचे पडदा सर्रकन ओढतात आणि माझ्याकडे बघतात. झालं, आता?

आता लघवी. बाई लघवीला जाऊन आली आहे का, ते विचारायचं. मूत्राशय भरलेलं असेल तर पोट दाबल्यावर तिला त्रास होतो, शिवाय फुगलेलं मूत्राशय हाताला अंडाशयाच्या गाठीसारखं लागतं. त्यावरून भल्याभल्यांनी गाठीचं निदान केलेलं आहे. मग दिवा कुठे पडतोय ते बघायचं. मॅकिंटॉशवरची, म्हणजे टेबलावरच्या रबरी कापडावरची, चादर मघाच्या पेशंटची तर नाही ना, ते बघायचं. अंगावर पांघरायला वेगळी चादर बहुधा नसतेच, ती सिस्टरच्या मागे लागून आणायची. शेवटी पडद्याच्या आत किती माणसं आहेत ती मोजायची. मी, एक सिस्टर किंवा आया मावशी, आणि दोन विद्यार्थी. त्याहून जास्त कोणी असेल तर बाहेर.

विदर्भातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवण्यात माझं बहुतेक आयुष्य गेलं. बाईला आतून कसं तपासायचं हे शिकवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. घरी, नातेवाइकांत, शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर याबद्दल मी कधी बोललेली नाही. 'तू काय शिकवतेस?' या प्रश्नाला 'गायनॅक' एवढंच उत्तर पुरतं. पण ही तपासणी काही पुस्तकातून येत नाही. ती कोणाच्या तरी शरीरावर शिकावी लागते, आणि तो 'कोणीतरी' कोण असतो, हे न बोलण्याची आम्हा डॉक्टरांना फार जुनी सवय आहे.

आधी हातांचं सांगते, कारण ते सोपं आहे. पहिल्यांदा पोट तपासायचं. मग मांडीच्या बाहेरच्या बाजूला हाताची पाठ टेकवायची आणि सांगायचं, 'ताई, आता हात लावते.' न सांगता केलेल्या पहिल्या स्पर्शाने आतले स्नायू आवळले जातात. मग 'ढिलं सोडा, ढिलं सोडा' असं कितीही ओरडलं तरी ते सुटत नाहीत. ओरडल्याने तर आणखीच आवळतात. स्पेक्युलम, म्हणजे आतलं दिसावं म्हणून योनी उघडी धरायचं स्टीलचं हत्यार, आधी, बोटं नंतर, कारण आधी बोटं घातली की पिशवीच्या तोंडावरचा स्राव पुसला जातो आणि पॅप स्मिअर, म्हणजे कॅन्सरच्या तपासणीसाठी घ्यायचा नमुना, वाया जातो. स्पेक्युलम कोमट पाण्याखाली धरायचा. डिसेंबरातलं गार स्टील एकदा स्वतःच्या पोटाला लावून बघा म्हणते मी मुलांना, पुन्हा सांगावं लागत नाही.

मग दोन बोटं आत आणि दुसरा हात पोटावर. नवशिक्याचं सगळं लक्ष आतल्या बोटांकडे असतं, खरं काम मात्र पोटावरच्या हाताचं. त्याने गर्भाशय खाली ढकलून आतल्या बोटांच्या भेटीला आणायचं असतं. गरोदर नसताना पिशवीचं तोंड नाकाच्या शेंड्यासारखं लागतं आणि गरोदरपणी ओठांसारखं मऊ, हे आम्हाला आमच्या शिक्षकांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या. हे ऐकताना वर्गातला प्रत्येक जण नकळत आपल्या नाकाला बोट लावून बघतो. मला तो क्षण आवडतो. पिशवीचं तोंड हलकेच हलवल्यावर बाई कळवळली तर नळीतला गर्भ किंवा ओटीपोटातली सूज मनात आणायची. म्हणून दोन्ही हात कामात असताना डोळे तिच्या चेहऱ्यावर हवेत. बहुतेक मुलं भिंतीकडे बघतात. काही लाजेने, काही एकाग्रतेने; बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

'मॅडम, सोनोग्राफी असताना हे कशाला?' हा प्रश्न दर बॅचला येतो. प्रश्न वाईट नाही. पण वर्ष-दोन वर्षं अंगावरून लाल जातंय, वास येतोय म्हणून गोळ्या घेणाऱ्या, दोन-तीन डॉक्टर फिरून आलेल्या बायका आमच्या ओपीडीत येतात, स्पेक्युलम घातला की पिशवीच्या तोंडावर फुलकोबीएवढी गाठ समोर असते, आणि विचारल्यावर कळतं की तोपर्यंत आत कोणी बघितलंच नव्हतं. सोनोग्राफी झालेली असते. फाइल जाडजूड असते. बघितलेलं नसतं.

१९८९च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला अभ्यास छापून आला. वसा आणि अमिर्झा ही दोन गावं, ६५० बायका. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा एक तरी आजार निघाला. तक्रार नसलेल्या बायकाही तपासल्या होत्या, म्हणून हा आकडा जगभर गाजला. मी मुलांना त्याच निबंधातला दुसरा आकडा पाठ करायला लावते. त्याआधी कधीतरी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. ९२ आणि ८, बेरीज शंभर भरते तो योगायोग, त्यामुळे लक्षात राहायला बरं. दुखणं अंगावर काढण्याच्या सवयीबद्दल बायकांना नावं ठेवणारं व्याख्यान कोणी दिलं की मला हा ८चा आकडा आठवतो. तपासणार कोण होतं?

म्हणजे शिकवायचं तर आहेच. अडतं ते पुढे.

आमच्या टेबलावर कोण येतं? जिच्याकडे खासगी दवाखान्याचे पैसे नाहीत ती. माझी वहिनी, माझ्या विद्यार्थ्यांच्या आया, आमच्या डीनच्या पत्नी यांच्यापैकी कोणावरही आजवर कुठलाही विद्यार्थी पीव्ही, म्हणजे ही आतली तपासणी, शिकलेला नाही. शिकून तयार झालेला हात मात्र त्यांच्याच वाट्याला येतो, चांगल्या पडद्याच्या, एसीच्या खोलीत. केसपेपर काढताना बाईकडून नाममात्र रक्कम घेतात, आणि उरलेली फी ती अशी भरते. तिला कोणी हे सांगितलेलं नसतं. 'हे शिकवण्याचं रुग्णालय आहे, इथे येणाऱ्याला माहीतच असतं,' असं आमच्यातले अनेक जण म्हणतात. मी हे अगदी सज्जन माणसांकडून ऐकलंय. पोंभुर्ण्याच्या पुढच्या गावातून पहाटेच्या एसटीने आलेल्या बाईला काय माहीत असतं? पांढरा कोट घातलेला जो कोणी समोर उभा आहे तो डॉक्टर, एवढं.

स्पेक्युलमचाच इतिहास बघा. आमच्या ट्रेमध्ये रोज असतो तो सिम्सचा स्पेक्युलम. जे. मॅरियन सिम्स हा अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला शल्यविशारद. १८४५ ते १८४९ या काळात माँटगोमेरीत त्याने प्रसूतीत फाटलेल्या मूत्राशयाची शस्त्रक्रिया गुलाम स्त्रियांवर करून करून साधली. भूल न देता. त्यातल्या तिघींची नावं त्याने लिहून ठेवली म्हणून आपल्याला ठाऊक आहेत: अनार्का, बेट्सी, ल्यूसी. एकट्या अनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा २०१८मध्ये हलवला. स्पेक्युलम आम्ही वापरतोच, वापरायलाच हवा, त्याच्याइतकं चांगलं योनीच्या पुढच्या भिंतीचं दर्शन दुसरं काही देत नाही. पण ट्रेमधून तो उचलताना मी ही तीन नावं घेते. एकदा एका पीजीने, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्याने, विचारलं, 'मॅडम, याचा परीक्षेत उपयोग काय?' काही नाही, म्हटलं.

बेशुद्ध बाईची गोष्ट याहून जवळची आहे. ऑपरेशनच्या आधी, भूल दिल्यावर, सर्जन तपासणी करून घेतो; ती उपचाराचा भाग असते. स्नायू सैल असतात, बाई ओरडत नाही, सगळं स्पष्ट हाताला लागतं. मग मागे उभ्या असलेल्या मुलांना, 'या, तुम्ही पण बघून घ्या.' एक, दोन, पाच. हे काही एका गावचं किंवा एका देशाचं नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलची चौकशी झाली, १९८८चा कार्टराइट अहवाल आला, त्यात भूल दिलेल्या बायकांवर न विचारता विद्यार्थ्यांना तपासणी शिकवल्याची नोंद आहे. २००३मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया परिसरातल्या पाच वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्याचा निष्कर्ष मला आजही टोचतो. स्त्रीरोगाचं पोस्टिंग पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांना, न केलेल्यांच्या मानाने, बाईची परवानगी घेणं कमी महत्त्वाचं वाटत होतं. मुलं आमच्याकडे येतात तेव्हा त्यांना विचारावंसं वाटत असतं, पोस्टिंग संपेतो ते वाटणं कमी झालेलं असतं. आम्ही ते शिकवतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारने तिथल्या रुग्णालयांना अशा तपासणीसाठी लेखी परवानगी बंधनकारक केली ती कधी, तर एप्रिल २०२४मध्ये. परवा-परवा.

माझ्या युनिटमध्ये नियम असा की ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ज्या विद्यार्थ्याला तपासायचं आहे त्याने स्वतः वॉर्डात जाऊन, बाईच्या खाटेशी बसून विचारायचं. मी विचारणार नाही, रेसिडेंटही नाही. 'उद्या तुम्ही झोपेत असताना मी पण एकदा हाताने तपासलं तर चालेल का? मी शिकतोय. नाही म्हणालात तरी ऑपरेशन तसंच होईल.' शेवटचं वाक्य गाळलं तर आधीच्या वाक्याला काही अर्थ नाही. मुलं तेच गाळतात. कारण ते उच्चारलं की ती नाही म्हणू शकते, हे त्यांना बरोबर कळलेलं असतं.

आणि ती म्हणते. 'तुमी पाहा मॅडम, पण पोरायले नका पाहू देऊ.' 'आज नाई, मले बरं नाई वाटत.' एका आजींनी तर मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हटलं, 'तुया मायले विचार आधी.' तो मुलगा लालबुंद झाला, पण त्याने मान हलवली, 'बरं आजी,' म्हणाला, त्यांच्या उशाचं पाण्याचं भांडं भरून ठेवलं आणि आला. मला वाटतं, त्या दिवशी त्याचं अर्धं स्त्रीरोगशास्त्र झालं. माझे सहकारी म्हणतात, बायका जास्त करून हो म्हणतात, तू उगाच बाऊ करतेस. म्हणतात खऱ्या, नीट विचारलं तर बऱ्याच जणी हो म्हणतात आणि काही जणी तर मुलांना धीर देतात. पण ज्या मुलाने नकार कधी ऐकलाच नाही त्याला मिळालेला होकार खरा होता की नाही, हे तो कशावरून सांगणार?

मुलग्यांचा प्रश्न वेगळा आणि तो मला सुटलेला नाही. बाया मुलींना तपासू देतात, मुलांना देत नाहीत. वॉर्डात हळूहळू तसा रिवाजच पडतो. मुलगे मागे भिंतीला टेकून उभे राहतात, लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीवर, सही मात्र सगळ्यांना मिळते. मग हाच मुलगा बंधपत्राच्या सेवेसाठी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर म्हणून जातो. रात्री दोनला रक्तस्राव होत असलेली बाई येते. किंवा पोलीस एखादीला घेऊन येतात, अत्याचाराची तक्रार आहे, तपासणी करून द्या म्हणतात. अल्पवयीन मुलगी असेल तर कायद्याने महिला डॉक्टर लागते, पण प्रौढ बाईची संमती असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तपासू शकतो, आणि त्या रात्री तिथे हाच एक असतो. त्याने आयुष्यात शिकायच्या रबरी पुतळ्याशिवाय कोणालाच तपासलेलं नसतं. त्या बाईला आपण कोणाच्या हाती दिलं? वॉर्डात नकार देणाऱ्या बाईचा हक्क मोठा आहे असं मी मानते, आणि तो हक्क जपण्याची किंमत दुसरीच एक बाई शंभर किलोमीटरवर चुकवते, हेही मला दिसतं. एवढंच सांगू शकते की मुलगा स्वतः, वेळ देऊन, नीट विचारतो तेव्हा होकार मिळण्याचं प्रमाण आपण समजतो त्याहून बरंच जास्त असतं. 'मुलांना कोण तपासू देणार' असं आधीच ठरवून न विचारणं, हा आमचा आळस.

सर्जरीच्या वॉर्डात उलटी तऱ्हा. पूर्व विदर्भात हत्तीरोगाचा जुना मुक्काम, त्यामुळे हायड्रोसीलचे, म्हणजे अंडकोषात पाणी साचलेले, पेशंट भरपूर. अंधार करून अंडकोषाला मागून टॉर्च लावायचा आणि पाणी असेल तर लाल उजेड पडतो तो बघायचा, ही तिथली पहिली शिकवण. सर मुलींना म्हणतात, 'तुम्ही जरा बाहेर थांबा.' पेशंट धोतर सावरत सुटकेचा श्वास टाकतो. त्याची लाज खरीच असते; आमच्याकडच्या बाईच्या लाजेइतकीच खरी. फरक एवढाच, की त्याची लाज न विचारता जपली जाते.

रबरी पुतळे आता सगळीकडे आले आहेत. २०१९च्या बॅचपासून नवा अभ्यासक्रम लागू झाला, त्याबरोबर कौशल्य प्रयोगशाळा आल्या, संवाद आणि नीतीचे तास आले. चांगलंच झालं. बोटं कुठे वळवायची, स्पेक्युलम कसा फिरवायचा, हे पुतळ्यावरच शिकावं. पण पुतळा श्वास रोखून धरत नाही. १९६८मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात रॉबर्ट क्रेट्‌शमर यांनी वेगळा रस्ता धरला, आणि पुढच्या काही वर्षांत तो असा झाला की प्रशिक्षित स्त्रिया, मोबदला घेऊन, स्वतःच्याच शरीरावर विद्यार्थ्यांना ही तपासणी शिकवू लागल्या. टेबलावर आडवी झालेली बाईच शिक्षिका. 'जास्त दाबतो आहेस. आणखी बाहेरच्या बाजूला जा. हं, ते अंडाशय.' मी याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं, आपल्याकडे कोण तयार होणार? आता तितकं हसू येत नाही. मी जिथे जिथे शिकवलं तिथे अशी सोय कधी नव्हती, आणि खरं सांगायचं तर मोबदल्याच्या गोष्टीने मला धास्तीही वाटते. आपल्याकडे त्या कामाला कोण येईल ते गरजच ठरवेल, आणि मग आपण फिरून तिथेच. तरीही त्यातली एक गोष्ट फुकटात उचलता येते. तपासून झाल्यावर, बाई कपडे सावरून बसल्यावर, मी तिला विचारते, 'याने नीट केलं का?' पहिल्यांदा ती माझ्याकडे बघते, मग त्याच्याकडे. 'हात थंडा होता,' म्हणते. किंवा, 'एकदम नका करू, सांगून करा.' माझ्या कुठल्याही रागावण्याने जे साधत नाही ते या एका वाक्याने साधतं.

आणि काय करायचं नाही, हेही हातालाच शिकवावं लागतं. आमच्या पिढीने न्यायवैद्यकाच्या, म्हणजे कोर्ट-पोलिसांच्या कामी येणाऱ्या वैद्यकाच्या, तासाला 'कौमार्याच्या खुणा' टेबल करून पाठ केल्या होत्या. योनीत दोन बोटं सहज जातात का, यावरून बाईच्या चारित्र्याचा निवाडा. हे पाठ करताना आम्हा मुलींनाही काही वावगं वाटलं नाही, इतकं ते पुस्तकी होतं. १९७२मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यात, मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिच्या वैद्यकीय तपासणीतला 'दोन बोटं सहज गेली' हा शेरा थेट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात जाऊन बसला, आणि पोलीस सुटले. तो निकाल, त्यावर चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेलं १९७९चं खुलं पत्र, मग देशभरची आंदोलनं, हे सगळं वाचणाऱ्यांना माहीत आहे. मला त्यात एक डॉक्टर दिसतो, जो शिकवलं तसंच वागला.

ही चाचणी मोडून काढायला विदर्भातूनच जोर लागला, याचं बरं वाटतं. सेवाग्रामचे न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर वर्षानुवर्षं त्यामागे लागले होते. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या चाचणीवर कोरडे ओढले, ऑक्टोबर २०२२मध्ये ती करणाऱ्या डॉक्टरला गैरवर्तनाचा दोषी धरलं जाईल असं बजावलं आणि अभ्यासक्रमातूनही ती काढायला सांगितली. आमच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कौमार्याचा तो धडा २०१९मध्येच वगळायचं ठरवलं होतं. आणि इतकं होऊनही २०२४च्या ऑगस्टअखेर, वैद्यकीय शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या न्यायवैद्यकाच्या कागदांत कौमार्य आणि योनिपटल पुन्हा अवतरले. ओरड झाली, आठवड्याभरात ते कागद मागे घेतले. कोणीतरी जुनी फाइल उघडून तशीच चिकटवली असणार, असं एक तरुण सहकारी म्हणाला. असेलही.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीवर केलेला अभ्यास मी मुलांना शेवटच्या आठवड्यात सांगते. सुमारे दीड लाख बायका, निष्कर्ष २०१४मध्ये छापून आले. पिशवीच्या तोंडाला पातळ अॅसेटिक अॅसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का ते बघायचं. एवढ्यावर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तुलनेसाठी ज्या बायकांना तपासणीविना ठेवलं त्यांच्यावरून वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण मी सांगते ते वेगळ्या कारणाने. ती तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बाया होत्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या. साडेचार वर्षं शिकणाऱ्या मुलांचे चेहरे तेव्हा पडतात. पडू देत. हात तयार करायला चार आठवडे पुरतात. त्या बाया घरोघरी जाऊन, ओट्यावर बसून, सासूशी बोलून सुनेला तपासणीला आणत होत्या; ते शिकवायला आमच्या वेळापत्रकात तासच नाही.

म्हणून मी माझ्या युनिटच्या लॉगबुकात एक रकाना वाढवला. तपासणी बघितली, मदत केली, देखरेखीखाली केली, आणि चौथा: पेशंटने नकार दिला. प्रत्येकाने पोस्टिंग संपायच्या आत त्यात किमान एक नोंद करायची. नाव लिहायचं नाही, फक्त ती काय म्हणाली आणि तुम्ही काय केलंत. विद्यापीठ हे मागत नाही. विभागप्रमुखांनी चष्मा वर करून विचारलं, 'हे काय नवीन? नकाराचं काय सर्टिफाय करणार तुम्ही?' त्यांचं म्हणणं, यामुळे मुलं मुद्दाम वाईट विचारतील, नकार आणतील आणि सुटतील. नाहीतर सरळ खोटं लिहितील. दोनशेची बॅच, मॅडम, तुम्ही कोणाकोणाच्या मागे फिरणार?

त्यांचं दुसरं भाकीत पहिल्याच टर्मला खरं ठरलं. तीन वह्यांमध्ये एकच नोंद निघाली, स्वल्पविरामासकट सारखी: 'पेशंटने लाजेमुळे नकार दिला, तिला समजावून सांगितले.' मी तिघांना बोलावलं. कोण होती, काय म्हणाली, म्हटलं. गप्प. समजावून काय सांगितलंत, नकारानंतर समजावायचं काय असतं? त्यावर एक जण म्हणाला, 'मॅडम, विचारायचं धाडस झालं नाही. ती नाही म्हणेल असं वाटलं.' तिन्ही नोंदींवर काट मारली आणि त्यांना सोळा नंबरच्या वॉर्डात पाठवलं, एकेकट्याला. सिस्टरला फोन करून सांगितलं, मुलं येताहेत, त्यांना बसायला स्टूल द्या.